कोंबडीचे खाद्य आणि वनस्पतींचे साहाय्य : प्रस्तावना

ज्या पक्ष्याचे अवघे आयुष्य पाच-सहा आठवड्यांचे, ज्याच्या मरणाची तारीख अंड्यातून बाहेर पडल्या दिवशीच बहुधा मुक्रर झालेली असते, आणि ज्याच्या खाण्यापिण्याचा जमाखर्च एखाद्या गिरणीच्या हिशेबासारखा दररोज मांडला जातो, त्याच्या प्रकृतीविषयी, आणि तेही हळद, ओवा, लसूण अशा स्वयंपाकघरातल्या जिनसांच्या संदर्भात, एक स्वतंत्र ग्रंथ सिद्ध करण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न एखाद्या चोखंदळ वाचकाने केला तर त्याला दोष देता येणार नाही. प्रश्नाचे उत्तर मात्र त्या अल्पायुष्यातच आहे. ज्या प्राण्याला आजारातून उठून बरे होण्यास अवधीच नाही, त्याच्या बाबतीत चिकित्सेपेक्षा आहाराचे महत्त्व अधिक ठरते. तीन दिवस आतडे बिघडले तर बेचाळीस दिवसांच्या आयुष्यातले ते तीन दिवस भरून निघत नाहीत, आणि त्या अवधीत खाल्लेल्या मक्याचे व सोयाबीन पेंडीचे पैसे मात्र मालकाच्या नावे खर्ची पडलेले असतात. उत्पादनाच्या एकंदर खर्चात खाद्याचा वाटा साधारण दोनतृतीयांश असतो, ही बाब ध्यानात घेतली म्हणजे कोंबडीचे आरोग्य हे प्रथमतः तिच्या आतड्याचे आरोग्य का, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आज ज्याला आपण ब्रॉयलर म्हणतो तो पक्षी गेल्या पाऊणशे वर्षांत माणसाने कठोर निवडीने घडविला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ‘उद्याची कोंबडी’ या नावाने स्पर्धा भरल्या आणि १९४८ साली डेलावेअरमध्ये त्यांची राष्ट्रीय अंतिम फेरी झाली. रुंद छातीचा, जलद वाढणारा, कमी खाऊन अधिक मांस देणारा पक्षी हा तेव्हापासून पैदासकारांचा आदर्श होऊन बसला. त्या आदर्शाने किती मजल मारली याचा निःसंदिग्ध दाखला कॅनडातील आल्बर्टा विद्यापीठाच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मिळतो. १९५७, १९७८ आणि २००५ या तीन काळांचे प्रतिनिधित्व करणारे वाण तेथे एकाच प्रकारच्या खाद्यावर वाढविण्यात आले, आणि छप्पन्नाव्या दिवशी त्यांची सरासरी वजने अनुक्रमे ९०५, १,८०८ व ४,२०२ ग्रॅम भरली. खाद्य तेच असल्यामुळे हा फरक रक्ताचा होता. परंतु छातीचे मांस ज्या वेगाने वाढले त्या वेगाने हृदय, फुप्फुसे व यकृत वाढली नाहीत. पोटात पाणी होऊन दगावणारे पक्षी, उष्म्याने धापा टाकत कोसळणारे पक्षी, आणि वरकरणी धडधाकट असूनही खाल्लेले अंगी न लागणारे पक्षी हे त्या विषम वाढीचे मूल्य होय. चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमांचे पिल्लू पहिल्या सातच दिवसांत चौपट होते, आणि त्याच सात दिवसांत त्याच्या आतड्याचे अस्तर, पाचक रस व रोगप्रतिकाराची यंत्रणा ही सारी आकार घेत असते. पुढच्या पाच आठवड्यांचे बरेचसे भवितव्य त्या पहिल्या आठवड्यात ठरते.

या नाजूक आतड्याच्या रक्षणार्थ विसाव्या शतकाने जी तजवीज केली ती प्रतिजैविकांची. १९४६ साली विस्कॉन्सिन येथील संशोधकांना स्ट्रेप्टोमायसिनयुक्त आहारावरील पिल्ले अधिक वाढतात असे दिसून आले होते. पण या गोष्टीला व्यापारी रूप आले ते लेडरली प्रयोगशाळेतील थॉमस ज्यूक्स व रॉबर्ट स्टोकस्टाड यांच्या कामातून. १९४८च्या अखेरीस ते बारा क्रमांकाच्या ब जीवनसत्त्वाचा स्वस्त उगम शोधीत होते, आणि ऑरिओमायसिन तयार केल्यावर उरणारा चोथा पिल्लांना घातला असता केवळ त्या जीवनसत्त्वाने होणार नाही इतकी वाढ होते, असे त्यांच्या निदर्शनास आले. १९५१ साली अमेरिकन शासनाने खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यास मुभा दिली, आणि टनामागे काही ग्रॅम औषध घालण्याचा शिरस्ता जगभर पडला. हे औषध रोग्याला दिले जात नव्हते, निरोग्याला दिले जात होते. आणि ते नेमके काय करते याचा उलगडा पुढची कित्येक दशके कोणालाही समाधानकारक रीतीने करता आला नव्हता. निर्जंतुक वातावरणात वाढविलेल्या पिल्लांवर त्याचा परिणाम होत नाही, यावरून त्याचे कार्य जिवाणूंच्या द्वारे घडते एवढे कळले. तर २००७ साली थिओ निवोल्ड यांनी असे प्रमेय मांडले की, या औषधांची खरी करामत जिवाणू मारण्यात नसून आतड्याचा दाह शमविण्यात असावी. या ग्रंथाच्या विषयाशी त्या प्रमेयाचा संबंध किती निकटचा आहे, ते पुढे येईलच.

प्रतिजैविकांच्या या अनिर्बंध अंमलाला पहिला गंभीर आक्षेप ब्रिटनमधील स्वान समितीने १९६९ साली घेतला. माणसाच्या उपचारात लागणारी औषधे जनावरांच्या वाढीसाठी वापरू नयेत, असा तिचा सारांशाने अभिप्राय होता. स्वीडनने १९८६ साली वाढीसाठीच्या प्रतिजैविकांना सरसकट बंदी केली. डेन्मार्कच्या ब्रॉयलर व्यावसायिकांनी १९९८ साली ती आपखुशीने सोडली. आणि १ जानेवारी २००६ पासून सबंध युरोपीय संघात हा वापर संपुष्टात आला, जरी रक्ती हगवणीवरील कॉक्सिडियानाशक द्रव्ये तेथेही चालूच राहिली. डेन्मार्कचा अनुभव विशेष बोधप्रद आहे. औषध काढल्यावर धंदा बुडेल हे भाकीत खोटे ठरले. मरीचे प्रमाण वाढले नाही, आणि एक किलो वजनासाठी लागणाऱ्या खाद्यात झालेली वाढ अवघ्या ०.०१६ किलोची भरली. अर्थात डेन्मार्कची शेडे, तेथली हवा आणि तेथली शिस्त आपल्याकडे नाही, हेही तितक्याच प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. २०१५च्या अखेरीस चीनमध्ये कोलिस्टिन या अखेरच्या आधाराच्या औषधाला दाद न देणारे, एका जिवाणूतून दुसऱ्यात संक्रमित होणारे जनुक सापडल्याचे जाहीर झाले, तेव्हा हा प्रश्न कोंबडीच्या खुराड्यापुरता राहिला नाही. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नोत्पादक प्राण्यांत कोलिस्टिनच्या वापरास मनाई केली; चीनने २०२० साली वाढीसाठीची प्रतिजैविके खाद्यातून हद्दपार केली. आपल्याकडे त्यापूर्वीच, २०१४ साली, दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने राजधानीच्या परिसरातून घेतलेल्या कोंबड्यांच्या ७० नमुन्यांपैकी ४० टक्क्यांत प्रतिजैविकांचे अवशेष आढळल्याचे प्रसिद्ध केले होते, आणि त्यावर उठलेली खळबळ ज्यांना आठवते त्यांना या विषयाची निकड समजावून सांगण्याचे कारण नाही.

औषध निघाले, जागा रिकामी झाली, आणि त्या जागेवर जे अनेक उमेदवार हक्क सांगत आले त्यांत सेंद्रिय आम्ले, उपयुक्त जिवाणू, विकरे यांच्या बरोबरीने वनस्पती पुढे आल्या. येथे एका गैरसमजाचा निरास करणे अगत्याचे वाटते. कोंबडीला वनौषधी देण्याची परंपरा आपल्याकडे सहस्रावधी वर्षांची आहे, असे विधान या धंद्यातील जाहिरातींत सर्रास आढळते, आणि ते फारसे टिकणारे नाही. हत्तीसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद आहे, अश्वासाठी शालिहोत्र आहे, शिकारी ससाण्याच्या आहाराची व उपचारांची चर्चा रुद्रदेवाच्या श्यैनिकशास्त्रात आहे. कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्याच्या मानसोल्लासात कोंबड्यांच्या झुंजींचेही वर्णन आहे. म्हणजे राजाच्या दरबारी ज्या प्राण्याला स्थान होते त्याला शास्त्र लाभले. चरकसंहितेत कुक्कुट येतो तो रोगी म्हणून येत नाही, पथ्य म्हणून येतो. त्याच्या मांसाचे गुण तेथे सांगितले आहेत, त्याच्या अपचनाची चिंता कोणी केलेली नाही. खेड्यापाड्यांत मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, साथ आली म्हणजे गावरान कोंबड्यांना लसूण-हळद चारण्याची चाल होती खरी. पण त्या चालीने साथ थांबल्याचा पुरावा नाही, आणि या रोगावर आजही लशीवाचून गत्यंतर नाही. तेव्हा प्राचीनतेचा दाखला बाजूला ठेवून, ही विद्या फार तर चार-पाच दशकांची आहे असे धरून चालणे प्रामाणिकपणाचे होईल.

मग आयुर्वेदाचे ऋण काहीच नाही काय? आहे, आणि ते निराळ्या ठिकाणी आहे. चरकाने पन्नास महाकषायांत द्रव्यांची वर्गवारी केली आणि त्यांत दीपनीय म्हणून पिंपळी, पिंपळमूळ, चवक, चित्रक, आले, मिरे, ओव्याच्या जातीची अजमोदा, हिंग अशी दहा द्रव्ये एकत्र आणली. भूक व पचन यांचा विचार रोगापूर्वी करावा, ही ती दृष्टी होय. भारतीय पशुवैद्यकातील वनौषधींचा पंथ या दृष्टीवर उभा राहिला. सहारनपूरपासून बंगळूरपर्यंत निघालेल्या कारखान्यांनी यकृतासाठी भुईआवळा, कुटकी व पुनर्नवा, उष्म्यासाठी आवळा व तुळस, प्रतिकारशक्तीसाठी अश्वगंधा व गुळवेल अशी मिश्रणे बाजारात आणली. या पंथाचे बळ अनेक द्रव्यांच्या संयोगावरील श्रद्धेत आहे, आणि त्याचे वैगुण्यही तेच. कारण बारा मुळ्यांच्या चूर्णात कोणती मुळी काम करते आणि कोणती नुसती बसून असते, हे विचारण्याची सोयच राहत नाही.

युरोपीय पंथाचा मार्ग याच्या उलट आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया व आसपासच्या देशांतील पोषणशास्त्रज्ञांनी ओरेगानो व थाइम यांच्या तेलांतील कार्वाक्रॉल व थायमॉल, दालचिनीतील सिनामाल्डिहाइड, लवंगेतील युजेनॉल अशी एकेक द्रव्ये वेगळी काढली, मोजली, आणि टनामागे काही ग्रॅमांच्या मात्रेत दिली. यातील थायमॉल आपल्या ओव्याच्या तेलाचा मुख्य घटक आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी त्यासाठीच हिंदुस्थानातील ओवा जर्मनीस जात असे, ही गोष्ट आज थोड्यांनाच ठाऊक असेल. गंमत अशी की, युरोपीय कायद्याच्या दप्तरात यांपैकी पुष्कळ द्रव्यांची नोंद आरोग्यवर्धक म्हणून नसून केवळ स्वादद्रव्य म्हणून आहे, कारण स्वादाचा दावा सिद्ध करणे सोपे, आरोग्याचा कठीण. चिनी पंथाविषयी येथे थोडक्यातच बोलतो: त्यांच्या जुन्या पशुवैद्यकातील वनस्पतींपासून काढलेल्या बहुशर्करांवर, विशेषतः ॲस्ट्रागॅलसच्या मुळावर, त्यांचा भर आहे, आणि २०२०च्या बंदीनंतर तेथील कामाला वेग आला आहे.

या सर्व पंथांना एका सामाईक भ्रमाने बराच काळ ग्रासले होते, आणि तो भ्रम म्हणजे वनस्पतीला प्रतिजैविकाचा बदली कामगार समजणे. काचेच्या बशीत जिवाणू वाढवायचे, त्यावर ओव्याच्या तेलाचा थेंब टाकायचा, जिवाणू मेलेले पाहायचे आणि निष्कर्ष काढायचा, या पद्धतीने शेकडो निबंध निघाले. बशीतली मात्रा कोंबडीच्या आतड्यात उरते काय, हे मात्र क्वचितच पाहिले गेले. वस्तुतः ही सुगंधी द्रव्ये आतड्याच्या वरच्या भागातच बहुतांशी शोषली जातात, आणि जेथे जिवाणूंची खरी वस्ती असते त्या आंधळ्या आतड्यांपर्यंत फार थोडी पोहोचतात. तथापि पक्ष्यांचे वजन काही प्रयोगांत खरोखर वाढते. ते कशाने, याचे उत्तर दुसरीकडे शोधावे लागले. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेत उंदरांवर झालेल्या प्रयोगांनी आले, मिरे व हळद यांतील द्रव्यांनी स्वादुपिंडाच्या व आतड्याच्या पाचक विकरांना चालना मिळते असे दाखविले. हळदीतील कुर्क्युमिन व त्यासारखी इतर द्रव्ये पेशींतील दाहाचे संदेश मंद करतात, हे अनेक प्रयोगशाळांतून दिसून आले. निवोल्ड यांचे प्रमेय येथे सांधले जाते: प्रतिजैविकही दाह शमवून वाढ देत असेल, तर वनस्पतीकडून जिवाणूंच्या कत्तलीची अपेक्षा न ठेवता आतड्याचे अस्तर शांत व अभंग राखण्याची अपेक्षा ठेवणे अधिक युक्त. या ग्रंथाची भूमिका हीच आहे, आणि तिच्याशी विसंगत असणारे दावे, मग ते कितीही देशी असोत, येथे निष्ठुरपणे तपासले आहेत.

निसर्गाने यात काही मौजेच्या खुणाही ठेवल्या आहेत. आपल्या जिभेला पोळणारे मिरचीतील तिखट कोंबडीला मुळीच जाणवत नाही. तिच्या मज्जातंतूंवरील ज्या ग्राहकाला ते द्रव्य चिकटायचे त्याची रचनाच निराळी आहे, हे २००२ साली कॅलिफोर्नियात सिद्ध झाले. म्हणून कोंबडीच्या खाद्यातील मिरचीचा विचार माणसाच्या जिभेने करता येत नाही. उलटपक्षी झेंडूतील पिवळा रंग ज्या देशांत पिवळ्या कातडीची कोंबडी मागतात तेथे मोलाचा; आपल्याकडे कातडे काढूनच कोंबडी विकली जात असल्याने ब्रॉयलरच्या खाद्यात त्यावर पैसा घालणे व्यर्थ.

यकृताविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण महाराष्ट्रापुरते बोलायचे तर वनस्पतींचा सर्वांत रास्त उपयोग तेथेच संभवतो असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. खरिपाचा मका ऐन काढणीच्या वेळी पावसात सापडला, किंवा ओलसर गोदामात पडून राहिला, म्हणजे त्यावर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन निर्माण करते. १९६० साली इंग्लंडमध्ये लक्षाहून अधिक टर्की पक्षी बुरशी लागलेल्या भुईमूग पेंडीने मेले तेव्हा या विषाची जगाला ओळख झाली. पण मारणाऱ्या मात्रेपेक्षा न मारता पोखरणारी मात्रा व्यवसायाला अधिक महाग पडते. कलेजी फिकट व ठिसूळ होते, लशीला मिळणारा प्रतिसाद मंदावतो, आणि लॉट विकताना वजन का भरले नाही याचे कारण कोणालाच सांगता येत नाही. मिझुरी विद्यापीठातून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, कुर्क्युमिनचे प्रमाण मोजलेली हळद अशा दूषित खाद्यात मिसळली असता पिल्लांच्या वाढीवरील व यकृतावरील दुष्परिणाम काही अंशी कमी झाले. काही अंशी, हे शब्द महत्त्वाचे. सांगलीच्या पेठेतली किंवा वसमतच्या शिवारातली हळद या कामी येऊ शकेल, तेल व अर्क काढून उरलेला चोथाही कदाचित येईल. पण बुरशी लागलेला मका हळदीच्या भरवशावर खपविण्याची मुभा म्हणून कोणी याकडे पाहू नये.

रक्ती हगवणीच्या बाबतीत एक उदाहरण नमूद करण्याजोगे आहे. चँगशान या चिनी वनस्पतीतील फेब्रिफ्युजिन नामक द्रव्यापासून रसायनज्ञांनी हॅलोफ्युजिनोन बनविले, आणि ते आज कॉक्सिडियाविरुद्ध मान्यताप्राप्त औषध आहे. वनस्पतीतून रामबाण औषध निघू शकते हे यावरून सिद्ध होते. आणि ते निघाल्यावर त्याला मात्रा, मुदत, विषबाधेची मर्यादा आणि कत्तलीपूर्वी बंद करण्याचा अवधी असे सारे नियम लागू होतात, हेही सिद्ध होते. वनस्पतीचे म्हणून ते निरुपद्रवी, हा लोकप्रिय सिद्धान्त येथे कोसळतो. कडुनिंबाची मात्रा वाढली की पक्षी खाणे कमी करतात, टॅनिन वाढले की प्रथिने पचत नाहीत, आणि मिऱ्यातील पायपेरिन हळदीचे शोषण वाढविते तसे दुसऱ्या एखाद्या औषधाचेही वाढवू शकते.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप द्रव्याच्या अनिश्चिततेचा: ओव्याच्या एका मालात थायमॉल दुसऱ्याच्या दीडपट असू शकते, हळदीत लेड क्रोमेटची व मिऱ्यांत पपईच्या बियांची भेसळ सापडते, आणि गोळी-खाद्य तयार करताना वाफेची उष्णता सत्तर-ऐंशी अंशांवर गेली की सुगंधी तेलाचा काही भाग हवेत जातो. दुसरा आक्षेप प्रयोगांचा. विद्यापीठाच्या स्वच्छ शेडमध्ये, विरळ ठेवलेल्या निरोगी पक्ष्यांवर बहुधा काहीच फरक दिसत नाही. जेथे भाताच्या तुसाची गादी ओली, अमोनिया डोळ्यांना झोंबणारा आणि मे महिन्यातला विदर्भ बाहेर तापलेला, तेथे दिसण्याचा संभव असतो, पण तेथे मोजमाप कोणी करीत नाही. तिसरा आक्षेप क्वचितच काढला जातो व तो मला सर्वांत गंभीर वाटतो. टनाला एक किलो चूर्ण म्हटले तरी पाच हजार पक्ष्यांच्या एका लॉटला, पक्ष्यामागे साडेतीन किलो खाद्य धरून, साडेसतरा किलो चूर्ण लागते. देशभरच्या लॉटांचा हिशेब केला तर हिमालयातील कुटकीसारखी, आधीच आंतरराष्ट्रीय व्यापारनियंत्रणाच्या यादीत गेलेली वनस्पती कोंबडीच्या पोटात संपून जाईल. ज्या वनस्पतीची शेती होत नाही तिचा पुरस्कार या ग्रंथात केलेला नाही.

ग्रंथाच्या मर्यादाही सांगून टाकतो. २००६च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लूने कोंबड्यांची राखरांगोळी केली तेव्हा पक्षी मारून पुरण्याखेरीज दुसरा उपाय नव्हता. अशा साथींपुढे खाद्यातील वनस्पती निरर्थक आहेत, आणि लसीकरण, स्वच्छ पाणी, कोरडी गादी व शेडबाहेरच्या माणसांना मज्जाव यांची जागा त्या घेत नाहीत. शिवाय महाराष्ट्रातील बहुसंख्य ब्रॉयलर आज करार पद्धतीने वाढविला जातो. पिल्ले, खाद्य, औषध कंपनीचे, शेड व श्रम शेतकऱ्याचे, आणि मोबदला किलोमागे, एफसीआर (एक किलो वजनासाठी लागलेले खाद्य) व मर पाहून. खाद्यात काय पडावे हे शेतकरी ठरवीत नाही, खाद्यगिरणी ठरविते. म्हणून या ग्रंथातील विवेचन शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत ठेवले असले तरी त्याचा रोख गिरणीतील पोषणतज्ज्ञाकडे, पशुवैद्याकडे आणि त्यांच्याकडून खरेदीचे हुकूम काढणाऱ्या व्यवस्थापकाकडे आहे. प्रत्येक वनस्पतीविषयी कार्यकारी द्रव्य कोणते, ते किती असावे, कोणत्या परिस्थितीत उपयोग दिसला व कोणत्या परिस्थितीत दिसला नाही, हे चार प्रश्न येथे समान कसोटीने विचारले आहेत; ज्यांना उत्तरे नाहीत त्या वनस्पती वगळल्या आहेत, आणि त्यामुळे काही लोकप्रिय नावे वाचकास आढळणार नाहीत.

वाचकांना एक विनंती आहे. ज्यांच्या ताब्यात दोन सारखी शेडे आहेत आणि खाद्याचा निर्णय ज्यांच्या हाती आहे, त्यांनी एकाच हॅचरीची, एकाच दिवशीची पिल्ले व एकाच गाडीचे खाद्य घेऊन एका शेडमध्ये वनस्पतीचे मिश्रण द्यावे, दुसऱ्यात देऊ नये, आणि पुढच्या लॉटला शेडांची अदलाबदल करावी. दर आठवड्यास न निवडता पकडलेले शंभर-शंभर पक्षी तोलावे, मर व खाद्य रोजच्या रोज लिहावे, आणि हे उन्हाळा, पावसाळा व हिवाळा असे तिन्ही ऋतूंत करावे. नोंदी नागपूर, मुंबई, परभणी, उदगीर किंवा शिरवळ यांपैकी जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या पोषण विभागाकडे पाठवाव्यात. ज्यांत काहीच फरक पडला नाही, त्या नोंदी तर अवश्य पाठवाव्यात.